माउसचें अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मावळांतील घराघरांत मुलांना लहानपणींच ऐकावयास मिळते. तिचा रोख बहुधा खर्चाकडे असतो. परंतु अलीकडे तळेगांव, वडगांव, कामशेत आणि लोणावळा येथील कित्येक घरांत अशी एक वस्तु येऊन बसली आहे कीं, तिच्या बाबतींत ही म्हण अक्षरशः खरी ठरते. संगणकावर खेळणाऱ्या तरुणाच्या हाताखालीं माउस असतो आणि माउसच्या खालीं त्याचें अंथरूण असतें. त्यास माउसपॅड असें म्हणतात. पाहणाऱ्यास तो कापडाचा एक तुकडा वाटतो. खेळणाऱ्याचा नेम मात्र पुष्कळ अंशीं त्या तुकड्यावर अवलंबून असतो.

जूनचा दुसरा आठवडा लागला म्हणजे मावळांत एक दृश्य पाहावयास मिळतें. एखादा विद्यार्थी उन्हाळ्याची सारी सुटी सराव करून आपला हात तयार करितो. एप्रिल-मे महिन्यांत पडद्यावरील निशाण त्याच्या इच्छेबरोबर फिरत असतें. मग राजमाचीच्या अंगानें ढग उतरतात, इंद्रायणीला गढूळ पाणी येतें, आणि त्याच आठवड्यांत त्याचा नेम चुकूं लागतो. माउस आरंभीं अडतो, आणि अडून सुटला कीं हव्या त्या जागेच्या पुढें निघून जातो. विद्यार्थी आपल्या हातास दोष देतो. वडील म्हणतात, पैसे पाण्यांत गेले. संघांतले सोबती त्याच्या जागीं दुसरा भिडू शोधूं लागतात. वास्तविक हात तोच असतो आणि माउसहि तोच असतो. बदललेलें असतें तें अंथरूण. पावसाळी हवेनें तें सर्दावलेलें असतें. ज्यास हें कारण ठाऊक नाहीं, तो नवा महाग माउस घेतो किंवा खेळच सोडून देतो. म्हणून ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा विचार थोडा शांतपणें होणें अवश्य आहे.

माउसचा जन्म अमेरिकेंत झाला. डग्लस एंगेलबार्ट ह्या संशोधकाच्या कल्पनेवरून १९६४ सालीं पहिला माउस तयार करण्यांत आला. त्याचें कवच लांकडाचें होतें, आणि खालीं एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चाकें होतीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगेलबार्ट ह्यांनीं त्याचें जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविलें. पुढें चाकांच्या जागीं गोळी आली. गुळगुळीत मेजावर ती घसरे व धूळ पकडी. तेव्हां तिला पकड मिळावी म्हणून खालीं रबराची व कापडाची बैठक घालणें सोयीचें झालें. १९८० च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माउस निघाले. त्यांतील एका जातीस रेघांची जाळी आंखलेला धातूचा पत्राच खालीं लागे. पत्रा नसेल तर माउस आंधळा होई. १९९९ सालीं मायक्रोसॉफ्टनें असा माउस बाजारांत आणला कीं, जो बहुतेक कोणत्याहि साध्या पृष्ठभागावर चालूं शकला.

आजचा माउस म्हणजे एक लहानसा छायाचित्रकार आहे. त्याच्या पोटांतील दिवा पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो, आणि सूक्ष्म यंत्र एका सेकंदांत हजारों चित्रें टिपतें. एका चित्रांतील कण दुसऱ्या चित्रांत किती सरकले, ह्यावरून हाताची हालचाल मोजली जाते. आरशासारख्या किंवा पारदर्शक कांचेवर ओळखण्याजोगा कणच दिसत नाहीं, म्हणून तेथें साधा माउस अडखळतो. इतर बहुतेक ठिकाणीं त्यास पाहण्यापुरतें कांहींना कांहीं सांपडतें. तेव्हां प्रश्न असा उद्भवतो कीं, माउस मेजावरहि चालत असेल तर अंथरूण हवें कशास? त्याचें उत्तर असें कीं, पॅड आतां माउसच्या डोळ्यापेक्षां माणसाच्या हातासाठीं लागतें.

हाताचा सारा व्यवहार घर्षणाशीं असतो. चिखलांत उभी असलेली बैलगाडी प्रथम हलवितांना बैलांना जो जोर लावावा लागतो, तो ती चालूं लागल्यावर लागत नाहीं. स्थिर वस्तूस हलविण्याचें घर्षण अधिक, चालत्या वस्तूचें कमी, हा भेद फ्रान्समधील कूलंब ह्यानें १७८५ च्या सुमारास प्रयोगांनीं सविस्तर मांडला. माउसच्या बाबतींत हीं दोन्ही घर्षणें महत्त्वाचीं आहेत. पहिलें फार असेल तर बारीक हालचाल करतां येत नाहीं. हात दाबतो, अडतो, आणि एकदम उसळतो. दुसरें फार कमी असेल तर माउस वेगानें धांवतो, परंतु नेमक्या जागीं थांबत नाहीं. पहिल्या व दुसऱ्या घर्षणांतील अंतर जितकें कमी, तितकी चाल सरळ व विश्वासाची.

ह्या गोष्टीचा दाखला लोणावळेकरांच्या दाराशींच आहे. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. घाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. चढणाऱ्या गाडीस कर्जतहून मागें जादा इंजिनें लावावीं लागतात. पावसांत ओल्या रुळावर चाक घसरूं लागलें, तर इंजिनांतून रुळावर वाळू सोडण्याची सोय असते. उतरणाऱ्या गाडीचा तोल सुटला, तर तिला चढावर नेऊन थांबविणारे बाजूचे रूळ घाटांत केलेले आहेत. तेथें धांवण्याइतकेंच थांबण्याचें महत्त्व आहे, आणि माउसपॅडच्या निवडीचें सारहि हेंच आहे. बाजारांत पॅडच्या वेष्टनावर ‘स्पीड’ आणि ‘कंट्रोल’ असे दोन शब्द छापलेले असतात. पहिल्याचा अर्थ निसरडें व धांवतें. दुसऱ्याचा अर्थ अडवणारें व थांबवणारें.

आतां पृष्ठभागांचे प्रकार पाहूं जातां मुख्यतः तीन आढळतात. पहिला कापडाचा. वर पॉलिएस्टरसारख्या धाग्यांची वीण, खालीं तीन-चार मिलिमीटर जाडीचें रबर. वीण जाड व उठावदार असेल तर माउस लवकर थांबतो. बारीक व घट्ट असेल तर धांवतो. खालचें रबर मऊ असेल तर हात दाबतांच माउस किंचित रुततो व लगाम बसतो. कठीण असेल तर दाबल्यानें फारसा फरक पडत नाहीं. कापड स्वस्त असतें, आवाज करीत नाहीं, मनगटास मऊ लागतें, आणि गुंडाळून पिशवींत घालतां येतें. त्याचे दोष दोन. रोजच्या वापरानें मधला भाग झिजून गुळगुळीत होतो आणि कडेचा तसाच राहतो, त्यामुळें एकाच पॅडवर दोन तऱ्हेची चाल होते. दुसरा दोष म्हणजे ओल व घाम तें आपल्या विणींत धरून ठेवतें.

दुसरा प्रकार कठीण प्लॅस्टिकचा. त्यावर बारीक दाणा उठविलेला असतो. माउस त्यावर कापडापेक्षां वेगानें जातो, व ओला फडका फिरविला कीं तें स्वच्छ होतें. मात्र खरखर ऐकूं येते, आणि माउसच्या तळाशीं असलेल्या पट्ट्या लवकर झिजतात. ह्या पट्ट्या बहुधा पीटीएफई नांवाच्या द्रव्याच्या असतात. हें द्रव्य १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट ह्या रसायनज्ञास अकल्पितपणें सांपडलें, आणि न चिकटणाऱ्या तव्याच्या रूपानें तें आज घरोघर पोंचलें आहे.

तिसरा प्रकार कांचेचा. कांच तापवून तिचा पृष्ठभाग झपाट्यानें थंड केला म्हणजे ती कठीण होते. वरच्या बाजूस अतिसूक्ष्म खरखरीतपणा आणलेला असतो, त्यामुळें माउसला पाहण्यासाठीं खुणा मिळतात आणि हातास अतिशय सुळसुळीत चाल मिळते. ही कल्पना अगदीं नवी नाहीं; २००१ सालीं डेन्मार्कमधून ‘आइसमॅट’ नांवाचें कांचेचें पॅड बाजारांत आलें होतें. कांच सहसा झिजत नाहीं व पाणी शोषीत नाहीं. परंतु ती तळाच्या पट्ट्या खाते, पडली तर फुटते, आणि तिच्यावर थांबण्याचें सारें काम हातास स्वतः करावें लागतें. तिचा एक कण जरी धुळीचा असला तरी तो हातास कळतो.

कांचेचें नांव निघालें म्हणजे तळेगांवकरांस आपल्या गांवाचा पैसा फंड आठवल्यावांचून राहणार नाहीं. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं लोकांकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याचें व्रत घेतलें, लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना सुरू झाला. तेथें कांच करण्याची विद्या शिकून कित्येक तरुण बाहेर पडले. एकेका पैशाची किंमत ज्या गांवानें ओळखली, त्या गांवच्या मुलानें कांचेच्या पॅडवर कांहीं हजार रुपये खर्चण्यापूर्वीं चार वेळां विचार केला, तर त्यांत कमीपणा नाहीं. कापडाचें चांगलें पॅड कांहीं शेंकड्यांत मिळतें, ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

आतां मावळच्या हवेचा विचार. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरीनें चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. पुणें शहरास त्याचा पांचवा हिस्साहि मिळत नाहीं. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ह्या खोऱ्यांत जून ते सप्टेंबर हवेंत ओल भरून राहते. अशा दिवसांत चिक्की उघडी ठेविली तर ती चिकट होते, आणि कॅरमच्या सोंगट्या जड चालतात. माउसपॅडची अवस्था निराळी होत नाहीं. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी फारच थोडें पितो. परंतु विणींतील पोकळींत ओल, घाम व त्वचेचें तेल सांचतें. शिवाय किंचित ओलसर झालेली त्वचाच अधिक चिकटते, त्यामुळें मनगट व कोपरापुढचा हात पॅडवर ओढला जातो. आरंभींचें घर्षण वाढतें आणि नेम बिघडतो.

येथें एका चुकीपासून सावध राहणें बरें. कॅरमवर बोरिक पावडर टाकण्याची संवय असलेले कांहीं हौशी तोच उपाय माउसपॅडवर करूं पाहतात. पावडर विणींत बसते, माउसच्या डोळ्यापुढें येते, आणि ओलीबरोबर तिचा लगदा होतो. त्याऐवजीं हाताला पातळ कापडी बाही चढवावी, खोलींतील पंखा हातावरून जाईल असा ठेवावा, आणि खेळून झाल्यावर पॅड कोरड्या फडक्यानें पुसावें. हे उपाय जवळजवळ फुकटचे आहेत, म्हणून ते आधीं करून पाहावे.

लोणावळा, खंडाळा व घाटमाथ्याच्या गांवीं वर्षांतले चार महिने जो रोज खेळतो, त्यास कठीण किंवा कांचेचा पृष्ठभाग सोयीचा पडण्याचा संभव आहे, कारण पुसला कीं तो पूर्ववत् होतो. पूर्वेकडे तळेगांवच्या बाजूस पाऊस बराच कमी. तेथें कठीण रबराचें, घट्ट विणीचें कापड बहुधा पुरतें. मावळचा शेतकरी खाचरांत भात लावतो आणि वरकस जमिनींत नाचणी घेतो. शेजाऱ्याचें पीक पाहून तो जमीन बदलीत नाहीं. परदेशांतील नामांकित खेळाडूचें पॅड पाहून आपलें पॅड ठरविणाऱ्यानें हा विवेक शिकण्यासारखा आहे. त्या खेळाडूची खोली कोरडी व वातानुकूलित असते. येथें कौलांतून पागोळ्या गळत असतात.

हवेनंतर खेळाचा प्रकार. ‘व्हॅलोरंट’ व ‘काउंटर-स्ट्राइक’ ह्यांसारख्या खेळांत एका ठिकाणीं नेम धरून क्षणांत थांबावें लागतें. तेथें थांबवणारा पृष्ठभाग उपकारक. ‘एपेक्स लेजेंड्स’सारख्या खेळांत पळत्या प्रतिस्पर्ध्यावर निशाण सतत ठेवावें लागतें, तेथें अखंड, सुळसुळीत चाल उपयोगी. हा नियम अर्थात् दगडावरची रेघ नव्हे. हलक्या हाताचा खेळाडू निसरड्या पृष्ठभागावरहि नेमका थांबतो, आणि जड हाताच्या खेळाडूस संथ कापड जखडून टाकतें.

मग आकार, आणि येथें अंथरुणाची म्हण शब्दशः लागू पडते. समजा, खेळांतील पात्रास पूर्ण वळसा घेण्यासाठीं माउस ३६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. पाठीमागें वळावयाचें तर १८ सेंटिमीटर लागतील. पॅड २५ सेंटिमीटर रुंद असेल, तर मध्यापासून कडेपर्यंत साडेबाराच सेंटिमीटर राहतात, आणि त्यांतूनहि माउसच्या निम्म्या रुंदीचे सुमारें तीन वजा जातात. शत्रु पाठीशीं आणि माउस पॅडखालीं, अशी फजिती होते. तेंच पॅड ४५ सेंटिमीटर रुंद असेल, तर साडेएकोणीस सेंटिमीटर मोकळे मिळतात व काम भागतें. मोठें पॅड ठेवण्यास मेजावर जागा नसेल, तर माउसची चपळाई वाढवून कमी जागेंत खेळण्याचा सराव करावा. पट्टी घेऊन हें गणित घरींच करतां येतें; त्यासाठीं दुकानदारास विचारण्याची गरज नाहीं.

निवड पारखण्याची रीतहि साधी आहे. पहिली कसोटी, माउस एका बोटानें अत्यंत सावकाश ढकलावा. तो अडून उसळला तर आरंभींचें घर्षण अधिक आहे. दुसरी, पडद्यावरील दोन खुणांमध्यें पन्नास वेळां झपाट्यानें ये-जा करावी, आणि किती वेळां खूण ओलांडली गेली तें वहींत लिहावें. तिसरी, हळू फिरणाऱ्या वस्तूवर एक मिनिट निशाण ठेवून पाहावें. प्रत्येक पॅडवर हें सलग सात दिवस करावें, कारण नव्या पृष्ठभागावर पहिल्या दिवशीं हात बुजतो. ह्या काळांत माउस, त्याची चपळाई आणि बसण्याची उंची ह्यांपैकीं कांहींहि बदलूं नये. दोन गोष्टी एकाच वेळीं बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हें कळत नाहीं. शक्य तर एक आंकडा मे महिन्यांतला आणि एक जुलैमधला असावा. मग आपला हात बिघडला कीं पॅड सर्दावलें, ह्याचा निवाडा वहीच देईल.

निगेविषयीं दोन शब्द. कापडी पॅड महिन्या-दोन महिन्यांनीं कोमट पाण्यांत, सौम्य साबणानें, हलक्या हातानें धुवावें. पिळूं नये, घडी घालूं नये, चुलीच्या किंवा हीटरच्या धगीस धरूं नये. डिंकाचा जोड सुटतो. सावलींत आडवें वाळवावें. लोणावळ्याच्या पावसांत तें वाळण्यास दोन-तीन दिवसहि लागतात, आणि अर्धवट वाळलेल्या पॅडला बुरशी व कुबट वास येतो. म्हणून घाटमाथ्यावर एका महाग कापडापेक्षां दोन स्वस्त कापडें आलटून पालटून वापरणें शहाणपणाचें. कांचेचें पॅड असेल तर तळाच्या पट्ट्यांची झीज पाहत जावें. पॅड कोणतेंहि असो, त्याची कड मनगटाच्या शिरांवर रुतूं देऊं नये, आणि हातास मुंग्या येऊं लागल्या तर खेळ थांबवावा. पॅड दुसरें मिळतें, मनगट मिळत नाहीं.

ह्या साऱ्या खटाटोपावर घरांतील वडील मंडळींचा एक आक्षेप असतो, आणि तो अनाठायीं नाहीं. खेळाच्या नांवाखालीं पैसे लावण्याचा जुगार घरांत शिरेल, ही त्यांची भीति असते. येथें भेद स्पष्ट केला पाहिजे. भारत सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें ई-स्पोर्ट्‌सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेंत स्थान दिलें. हांगचौ येथें २०२३ सालीं भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत हे खेळ पदकांसाठीं खेळले गेले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सला त्यांपासून वेगळें काढलें. पैसे लावणारा पॅडचा विचार करीत नाहीं. त्याचें लक्ष डावावर असतें. जो आपल्या चुका वहींत लिहितो, घर्षण समजून घेतो आणि मनगटाची काळजी घेतो, तो खेळाडूच्या वाटेवर आहे, असें वडिलांनींहि मानावयास हरकत नाहीं. अभ्यासाचे तास व खेळाचे तास मात्र आधींच ठरलेले असावे.

शेवटीं पृष्ठभागाचें महत्त्व महाराष्ट्रास नवें नाहीं. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि त्या दोहोंतील विजेते अखेरच्या लढतींत समोरासमोर येतात. मातींत वाढलेल्या मल्लास गादीवर पाय नव्यानें रोवावे लागतात, आणि गादीवरच्यास माती परकी वाटते. म्हणूनच स्पर्धेस जाणारा शहाणा संगणक-खेळाडू आपला माउस आणि आपलें पॅड पिशवींत घालून बरोबर नेतो.

ज्या कामशेतच्या विद्यार्थ्याची कल्पना आरंभीं केली, त्यानें जुलैच्या एका संध्याकाळीं वही उघडली, कोरड्या फडक्यानें पॅड पुसलें, हातावर बाही चढविली आणि पुन्हां पन्नास वेळां दोन खुणांमध्यें ये-जा केली, तर त्यास बहुधा असें आढळेल कीं, खुणा ओलांडण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. आपला हात हरवलेला नाहीं, हें कळण्याचें समाधान कोणत्याहि महाग पॅडच्या किंमतींत मोजतां येणार नाहीं. बाहेर पाऊस कोसळत राहील. अंथरूण कोरडें ठेवणें आणि तें पाहून हात पसरणें, एवढें त्याच्या हातीं आहे.